एक बोट कमी

ड्रेस्डेनहून परतून तीन आठवडे झाले
तरी त्या बागेचं बाबांना सांगून संपत नाही.
आज उन्हं कलल्यावर महाराजबागेत आणलं त्यांना,
मोतीबिंदूचा काळा चष्मा, ऑपरेशन ताजं.
बाकावर बसवलं, संत्रागोळीचा कागद सोडवून दिला,
आणि पुन्हा तेच.

रस्ते दोरी लावून आखलेले, बाबा,
सगळे एकाच महालाकडे निघालेले.
झाडं शंकूसारखी कापलेली,
डावीकडे जितकी तितकीच उजवीकडे.
दगडाच्या देवी, नाकं झिजलेल्या,
आणि तळ्यात तोच महाल पुन्हा, उलटा.
राजानं स्वतःसाठी केलेली बाग; आता कुणीही यावं,
कडेला बसून डब्यातला पाव खावा.

बाबा म्हणाले, "थ्या डगाली कोन उचलते?"
छाटून पडलेल्या फांद्यांचं विचारत होते.
"अन् उन्हाळ्यात पानी कुठून देतेत?"
एकशे चाळीस फोटो काढले होते मी.
एकातही माळी नव्हता.

मग ते सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं:
सगळे गाईडच्या मागे पुढे गेले तेव्हा
मी एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला,
तुम्ही मेंदीच्या कुंपणापुढे धरायचे तसा,
आणि डावीकडून सातवं कुंपण
एक बोट कमी भरलं.
एवढ्या मोठ्या बागेत. एक बोट.

बाबा हसले नाहीत.
एकतीस वर्षं पगाराच्या मस्टरवर
ज्यांनी जांभळा अंगठाच उठवला,
ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.
गोळी दातांवर वाजली.
"चुकला नाही व्हय थो," म्हणाले,
"त्यानं सही केली असन."

मी विचारलं नाही. त्यांनीच काठी उचलली:
तिथं, पिंजऱ्यांकडे वळते त्या कोपऱ्यावर.
गेलो. मेंदी नव्हती.
सिमेंटचे ठोकळे, लाल, करडा, लाल, करडा,
तिकडच्याइतकेच शिस्तीत.
बाबांनी चप्पल काढली.
फरशी अजून दुपारची तापलेली,
तरी एकेक ठोकळा पायानं चाचपत
काळ्या चष्म्यातून कुठंतरी भलतीकडेच बघत
चालत राहिले.
एकावर थांबले. टाच दाबली.
खालची माती भुसभुशीत असावी.

"हालते," म्हणाले,
आणि पुन्हा दाबली.