तुकडा क्रमांक तीन

नारीनच्या कॉलेजात सकाळी नऊला
बावीस लॅपटॉप उघडून ठेवलेत, ताटं मांडावीत तसे.
पंगत मोठी, वाढपी एकटी मी,
आणि पातेल्यात सेहेचाळीस जीबी:
तीस उन्हाळ्यांचे हिमनदीचे फोटो, आकाशातून काढलेले,
आणि ते मोजायचं सॉफ्टवेअर.

आधी उतरवून घेऊन या, असं पत्रात
ठळक अक्षरांत कळवलं होतं मी.
कोणीही उतरवलं नव्हतं.
अत-बाशीची जुझुमकान म्हणाली, आमच्याकडे
सिग्नल टेकडीवर मिळतो, मेंढ्या चढतात तिथे.
दोन रात्री बसले. बारा टक्के झाले. मग बॅटरी गेली.
हसावं की माफी मागावी, कळेना.
मी तिच्या पेल्यात चहा ओतला.

साडेनऊला सगळ्यांनी एकदमच
कॉलेजच्या वायफायला तोंड लावलं.
सहा तास शिल्लक, असं आलं.
मग अकरा तास.
मग दोन दिवस.
कार्यशाळा एका दिवसाची.

म्हणून पेनड्राइव्ह. सात. सहा उसने,
एक माझा, भाचीच्या लग्नाचा.
लग्न पुसलं.
पुसण्याआधी एकदा उघडून पाहिलं,
नवऱ्या मुलाची मावशी चपला हातात घेऊन नाचत होती.

पहिलाच अडला: फाइल फार मोठी आहे.
अरे, बत्तीसपैकी तीस रिकामे आहेत!
पण त्याची आखणी जुनी,
एका फाइलला चारच्या पुढे तो मोजतच नाही.
घर ऐसपैस, दार बुटकं.
नव्याने आखावा, तर आत कोणाचे पगाराचे कागद,
कोणाच्या मुलीचं बारसं.

मग सॉफ्टवेअरचे पाच तुकडे केले.
भाकरीचे करतात तसे नाही,
भाकरीचा चतकोर एकट्यानेही खाता येतो.
इथे एक कमी पडला की उरलेले चार नुसतं ओझं.
एका पेनड्राइव्हवर एक तुकडा,
उरलेल्या दोघांवर हिमनदी,
आणि टेबलाभोवती फिरवले उजवीकडून डावीकडे.
तुझा झाला? दे इकडे.
काढू नकोस, काढू नकोस, अजून जातंय!

बाराला वीज गेली.
मूळ फाइल माझ्या डेस्कटॉपमध्ये, तो काळा पडला.
लॅपटॉप आपापल्या बॅटरीवर तगून.
साडेबाराला कळलं,
पहिला आहे, दुसरा आहे, चौथा, पाचवा आहे.
तिसरा सापडेना.
खुर्च्या सरकवल्या, बोरसोकची परात उचलून पाहिली,
चोलपोनबाईंनी स्वतःची पर्स टेबलावर उपडी केली.

दीडला दारात एसेनआली उभे,
बुटांना चिखल, वहीत बोट घातलेलं.
सत्तावीस वर्षं, रोज एकला,
पुलाखालच्या खुणेवर पाणी किती चढलं ते वाचतात.
कार्यशाळा असली म्हणून नदी थांबत नाही, म्हणाले.
खिशातून पेन्सिल काढायला गेले
आणि पेन्सिलीबरोबर आली
माझ्या भाचीच्या लग्नाची लाल दोरी.

मग जोडाजोड.
फळ्यावर मी खडूने तपासणीची अक्षरं लिहिली होती,
एकेक जण शेवटची सहा वाचून दाखवू लागला.
शितावरून भाताची परीक्षा नव्हे ही,
अख्खं पातेलं ढवळल्यावर हाती येणारं एक शीत.
जुळलं. जुळलं.
तोक्तोगाझीचं जुळलं नाही.
सातच्या जागी ब.
तो काही बोलला नाही, पुन्हा पहिल्या तुकड्यापासून बसला.

पाचला वीज आली, पडद्यावर पहिला उन्हाळा उघडला,
तोवर निम्मे जण शेवटच्या गाडीसाठी उठले होते.

एसेनआलींकडे लॅपटॉप नव्हताच.
दिवसभर ते शेजाऱ्याच्या पडद्यात वाकून बघत होते.
जाताना हात पुढे केला: मलाही द्या.
कशात देऊ?
त्यांनी लाल दोरीकडे बोट दाखवलं.
त्यात फक्त तिसरा तुकडा आहे, मी म्हटलं,
एकट्याने तो उघडत नाही.
असू दे, म्हणाले,
आणि पेन्सिलीशेजारी ठेवून
खिशाचं बटण लावलं.