दोरी

अँकरेजच्या पायवाटेवर पाटी आहे:
उजवीकडून चाला. मागून येताना घंटी वाजवा.
कुत्रा दोरीला हवा.

मी तीनदा वाजवली.
म्हातारा हलेना.
शिवी ओठांवर आली होती,
तेवढ्यात त्याच्या कुत्रीचा डावा कान मागे वळला,
दोरी ताणली,
आणि तो काठच्या बर्फात सरकला.

"ऐकू येत नाही," म्हणाला, जरा मोठ्यानेच.
"हिला येतं. मला दोरीतून."
नाव वसिली, हे नंतर कळलं.

वळणावर मूस उभी,
वाटेच्या मधोमध, विलोच्या काड्या चघळत.
तिने पाटी वाचलेली नव्हती.
समोरून आलेली नस्तास्या
व्हीलचेअरची चाकं तळव्यांनी धरून थांबली.
आम्हीही.

घंटीवर माझा अंगठा होता. उचलला.
दोरी थरथरत होती
आणि वसिली ऐकत होता.