तीन पाय

पहिल्या दिवशी उल्दारिसिओनं लाकूड दिलंच नाही.
एक बोथट पटाशी दिली, पाण्यात भिजवलेला दगड दिला,
म्हणाला, मनगटावरचे केस निघाले की सांग.
मी दहा मिनिटांत सांगितलं.
एकवीस वर्षं सॅमनचे काप काढलेत, बाबा,
धार तेवढी शिकवू नकोस.

तो हसला नाही.
दुसरी पटाशी दिली.

क्विंचाव बेटावर पाऊस थांबत नाही, नुसता बारीक होतो.
शेडच्या उंबऱ्यापर्यंत भरती येते, बघून जाते.
आत सायप्रसचा वास, पत्र्याची चूल,
आणि माझी पहिली फळी,
जिच्यावर मी रंधा चालवला
आणि मांजरानं ओरबाडावी तशी ती उसकटली.

खवलं कशी काढतेस? त्यानं विचारलं.
शेपटीकडून डोक्याकडं.
मग इथं त्याच्या उलट.
आधी तळवा फिरव. गुळगुळीत लागेल त्या दिशेनं जा.
अडलं तर फळी फिरव,
जोर वाढवू नकोस.
फळी फिरवली.
ढलपी निघाली ती इतकी पातळ
की तिच्यातून खिडकी दिसली.

पेन्सिलीची रेघ जाड असते, तो म्हणे,
तिच्या कुठल्या काठावर कापायचं ते तुलाच कळणार नाही.
सुरीनं खूण कर.
टाकाऊ बाजूनं काप, रेघ शिल्लक राहू दे,
उरलेलं काढता येतं.
करवत दाबू नकोस, तिचं वजन तिला पुरतं.
आणि श्वास घे, तेओलिंदा.
करवत हातात आली की माणसं
श्वास घ्यायचं विसरतात.

करायचंय काय तुला, त्यानं तिसऱ्या आठवड्यात विचारलं.
स्टूल, मी म्हटलं.
कुणासाठी?
मी पटाशी पुसत राहिले.
कारखान्यात पट्टा कमरेएवढा उंच होता,
मासे एकामागे एक यायचे,
आणि बसायला काहीच नव्हतं. म्हणजे, ठेवलंच नव्हतं.
त्यानं पुन्हा विचारलं नाही.

चार पाय करू?
तीन कर. शेडची जमीन वाकडी, तुझ्या स्वयंपाकघराची त्याहून वाकडी.
तीन पाय कुठंही टेकतात, चौथा भांडत राहतो.

उंचीसाठी मी मापपट्टी काढली.
त्यानं ती खिळ्याला अडकवली.
मला लाकडाच्या तुकड्यांवर बसवलं,
एक तुकडा काढला, एक घातला,
टाचा जमिनीला लागल्या, गुडघे मऊ झाले,
तेव्हा म्हणाला, हे तुझं माप. काठीवर खाच कर.
एकवीस वर्षांत माझं माप
कुणी असं घेतलं नव्हतं.

पाय चुलीशेजारी पंधरा दिवस वाळवले.
पाट मात्र जरा ओलसर ठेवला,
वाळताना तोच आवळतो पायांना,
सरसाच्या भरवशावर राहू नये.
मग कुसवात पाचर ठोकली,
घाईघाईनं, पाटाच्या रेषांच्या दिशेनंच.
कडाक.
भेग थेट काठापर्यंत.

मला वाटलं, आता ओरडेल. कारखान्यात ओरडत.
उल्दारिसिओ दुधाचा चहा ओतत होता.
पाचर रेषांना आडवी, एवढंच बोलला,
आणि कोपऱ्यातल्या ढिगाकडं हनुवटी केली.
तिथं त्याचे स्वतःचे फुटलेले पाट होते.
मोजले. सतरा.
माझा अठरावा टाकला वर.

दुसरा पाट जुळला.
तीन पायांपैकी एक थोडा जास्त फाकलाय,
गाय पाय टाकून उभी राहते तसा.
दुरुस्त करू का, विचारलं,
तर तो म्हणाला, बसून बघ आधी.

घरी आणलं. चुलीशेजारी ठेवलं, बसले.
किटली उकळायला लागली,
झाकण थडथडलं,
वाफ खिडकीवर चढून खाली ओघळली.
उकळू दे.
पाणी आहे अजून.