माझ्या मापाचं प्रेत

अकरावं पुस्तक. प्रकाशन फोंड्यात,
मग डिचोली, सावर्डे, पेडणे.
डिकीत तीन गठ्ठे, एक घडीचं टेबल
आणि माझ्याच चेहऱ्याचा फ्लेक्स, ज्याच्या कानावर कावळा बसून गेलाय.
डिचोलीत नऊ माणसं. त्यांतली दोन
पुढच्या कार्यक्रमाची, भजनी मंडळाची,
पेटी घेऊन लवकर आलेली.
टाळ्या त्यांनीच जास्त वाजवल्या.

लोक विचारतात, सुचतं कसं?
सुचत नाही हो, करून बघावं लागतं.
मडगावच्या किल्लीवाल्यापाशी आठ दिवस बसलो;
आता घरचं कपाट केसांच्या आकड्यानं उघडतं
आणि बायको दागिने माहेरी ठेवते.
मेव्हण्याचं औषधांचं दुकान.
त्याला सहज विचारलं, चवीला न कळणारं काय असतं?
तेव्हापासून तो आमच्याकडे चहा घेत नाही.
एकदा डिकीत स्वतःला कोंडून घेतलं, एकवीस मिनिटं.
प्रकरण पाचवं. पाठीत अजून आहे.

या खेपेला पाणी हवं होतं.
कथेतलं प्रेत जुंव्याच्या मानशीतून बाहेर पडतं
आणि फेरीच्या धक्क्याला लागतं.
खुनी तोवर म्हापशात
लग्नाच्या पंगतीला जिलबी वाढतोय.
किती वेळ? सगळा डोलारा त्यावर.
मानस सांभाळणाऱ्या इनासनं खांदे उडवले:
"उदकाक विचार."

म्हणून केळीचा खांब तोडला, माझ्या उंचीचा.
त्याला माझाच शर्ट चढवला, निळ्या चौकड्यांचा.
गुंड्या लावल्या. का कोण जाणे, गळ्याचीसुद्धा.
अमावास्येची ओहोटी, रात्री दीड.
मानशीची दारं आपली आपण उघडली
आणि मी टॉर्च घेऊन बांधावरून धावलो
स्वतःच्या मागे.
चिखलात एक चप्पल गेली. ती तिथंच आहे.
सव्वापाचला तो धक्क्याला टेकला.
पावणेचार तास!
वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, घरी येऊन झोपलो.
खांब काढायचा राहिला.
हे मी मुलाखतीत सांगत नाही.

म्हापशात, सह्यांच्या रांगेत
हवालदार मांद्रेकर. हातात पुस्तक नाही,
प्लास्टिकची पिशवी, आत शर्ट, इस्त्री केलेला.
"हें तुजें न्हू? कॉलरीर धोब्याची खूण आसा."
सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त. फोटो निघाला.
प्रकाशक कानात म्हणाला,
अशी जाहिरात पैसे मोजून मिळत नाही.
चाळीस प्रती गेल्या.

मांद्रेकर हसत नव्हता.
त्याच्यामागे आपोलिना होती, छत्री दोन्ही हातांत धरून.
तिचा मुलगा सप्टेंबरात रात्री होडी घेऊन गेला.
होडी मिळाली.
त्या पहाटे फेरीवर कुणी ओरडलं, निळ्या चौकड्यांचा शर्ट,
तशी ती अनवाणी धावत आली होती, अख्खा बांध.
शुक्रवारच्या बाजारातला, ढिगातला, दीडशेचा शर्ट;
अर्ध्या तालुक्याच्या दोरीवर वाळत असतो.

मी माफी मागायला तोंड उघडलं.
तिला ती नको होती.
"त्या खांबाक कितलो वेळ लागलो?"
पावणेचार तास, म्हटलं. ओहोटीला.
तिनं बोटांवर काही मोजलं, पुन्हा मोजलं.
"आनी भरती आसल्यार?"

भरतीला दारं मिटतात, एवढंच मला ठाऊक.
पुढचं पाहिलं नव्हतं.
कथेला लागत नव्हतं.

उद्या काणकोण. दीड गठ्ठा उरलाय.
रात्री इनासला फोन केला, केळीचा खांब मिळेल का?
तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, पुनवेक यो.
आनी ह्या खेपे ताका कपडे घालूं नाका.