दिनविशेष, चार जुलै

वाळवीनं सुट्टीत पुस्तक गाठलं.
या पानावर तिनं भारत खाल्ला, युरोप खाल्ला,
अमेरिका तेवढी ठेवली.
शनिवारची सकाळची शाळा, परिपाठाला दहा मिनिटं.
उरलं तेच लिहिलं फळ्यावर.

१७७६. तेरा वसाहतींनी राजाला कळवलं, आता आमचं आम्ही बघू.
१८२६. त्या कागदावर सही केलेले दोन म्हातारे,
दोघेही माजी अध्यक्ष, पन्नास वर्षांनी
त्याच तारखेला गेले.
एक दुपारी. दुसरा दिवस कलताना,
आणि जाताना म्हणे बोलला, तो अजून आहे.
तार नव्हती तेव्हा.
१८६३. सत्तेचाळीस दिवस वेढ्यात खेचरं खाऊन
नदीकाठच्या एका शहरानं पांढरं निशाण लावलं.
१९९७. मंगळावर एक यान
चेंडूसारखं टप्पे खात उतरलं.

सहावीतली रेवता उईके उठली.
"मॅडम, एकाच दिवशी एवढं?"
योगायोग, असं मी म्हणणार,
तोच दारातून, पाण्याची कॅन खाली ठेवत, दमडूजी :
"तिकडं बी कोन्या गुरुजीनं
दाखल्यावर टाकली असन तारीख."

वर्ग हसला, कारण घरोघरी तेच.
आजीचा, आजोबाचा, पोलीस पाटलाचा,
निवडून आलेल्या आणि पडलेल्या सरपंचाचा
जन्म एक जूनचा.
नानोटी गुरुजींच्या टाकानं
एका सकाळी सत्तावीस पोरं जन्माला घातली होती.

दमडूजी त्यातलाच. आई त्याची सांगे,
टेसनाजवळचं जीन जळालं त्या रातचा हा.
आभाळात पेटती रुई, सुईण खोकून बेजार.
म्हणजे हिवाळा. म्हणजे जून नक्कीच नाही.
पण सरकारनं त्याला एकतीस मेला साठ वर्षांचा केला,
नारळ दिला, शाल दिली.
नवा माणूस मंजूर नाही
म्हणून घंटा अजून तोच देतो.

जिनाचं निघालंच, तर मी लढाईचं सांगितलं.
तिकडची बंदरं अडली, विलायतेच्या गिरण्या उपाशी,
आणि आपल्या वऱ्हाडाच्या कापसाला
दोन-चार वर्षं अचानक भाव.
भोजराज म्हणाला, "म्हंजे ते शयर उपाशी होतं
तवा आपलं बरं चाललं होतं?"
असंच काही नाही, म्हणाले.
असं नव्हतंच, हेही म्हणवेना.

एक ओळ अर्धी राहिली होती.
१८२७. न्यूयॉर्क राज्यातले उरलेले गुलाम मुक्त. मिरवणूक
आणि पुढं भोक.
टाकीवर चढलं की रेंज येते, तिथं वाचलं :
त्यातल्या कितीकांनी मिरवणूक पाच तारखेला काढली.
चारचा दिवस दुसऱ्यांचा होता,
रस्ताही त्यांचाच.
"मंग हे उद्या लिहा," रेवता.
उद्या रविवार.
तिनं खडू मागितला, खालच्या कोपऱ्यात
पाच जुलै लिहिलं, त्याखाली ते.
बोट पुसून घेतलं फ्रॉकला.

मग वळून, अगदी नोंदवहीच्या आवाजात :
"काका, तुमची खरी तारीख कोन्ती?"

दमडूजीनं खिडकीतून पाहिलं.
धुरांड्याच्या बुडाशी आता बकऱ्या बसतात.
"मले काय माहीत वो.
जिनवाल्यायले इचारा.
त्यायच्या इम्याच्या कागदावर असन."