चाकातलं पाणी

दिवाडीच्या खाजनात माझा बुटका ट्रॅक्टर
जागच्या जागी फिरला. चिखल माझ्याच तोंडावर.
नांगर तसाच.

मिनीन पंक्चरवाला फेरीबोटीनं आला.
चाक फिरवून वॉल्व्ह वर घेतला, बाराच्या काट्यावर,
म्हणाला, पाऊण भर. वर थोडी हवा राहू दे,
नाहीतर हाडं खिळखिळी होतील. तुझी.

मी मानशीकडं हात केला: एवढं पाणी आहे की!
त्यानं बोट बुडवून चाटलं, थुंकला.
खारं. रिम खाईल. विहिरीचं आण.

एकोणीस कळश्या.
सुरंगा मोजत होती, मध्येच फेरीचा भोंगा झाला,
म्हणजे वीसही असतील.

तिन्हीसांजेला ट्रॅक्टर बांधावरून उतरला,
जड, पोटात डुचमळत.
आमची विहीर शेतात चालली होती,
तहान नसलेल्या.