खड्गपात्र

बाबांच्या तेराव्यानंतर कपाट आवरताना
पंचांगांच्या गठ्ठ्यामागे सापडलं,
मुकट्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं.
तळहाताएवढं, मधाच्या रंगाचं,
उजेडाकडे धरलं की आतून तापल्यासारखं.
रामकुंडावर पन्नास वर्षं
याच पात्रातून बाबांनी
परक्यांच्या पितरांना पाणी पाजलं.
"खड्ग म्हणजे गेंडा," ते सांगत,
"याचं पाणी थेट पोचतं."
गेंड्याला कुठं पोचवलं,
हे मी कधी विचारलं नाही.

मी सातपूरला, सीएनसीवर.
सवयीनं पात्राला व्हर्नियर लावला:
तीन मिलिमीटर, वर थोडं.

चौथ्या दिवशी सराफ बाजारातून फोन.
त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.
"पात्र म्हणून नाही हो, भुकटी म्हणून.
माल बाहेर जातो. तिकडं कुणी तापावर घेतं,
कुणी पाहुण्यांपुढं दारूत घालून मिरवतं.
फ्लॅटचे सगळे हप्ते एका दिवसात, गायधनी."
मी नाही म्हणालो नाही.
उद्या सांगतो म्हणालो.
(ही ओळ खोडणार होतो.)

संध्याकाळी मालेगाव स्टँडवर
यासीन नालबंद घोडीचं खूर तासत होता.
चकत्या पडत होत्या, एक कुत्रं त्या पळवत होतं.
मी पात्र पुढं केलं.
त्यानं कडेला एकदाच कानस फिरवली, हुंगलं.
"खूरच हे. जनावर मोठं असेल, माल हाच.
याचं औषध होत असतं
तर हे कुत्रं मेलंच नसतं कधी."
मी हसलो. तो हसला नाही.
"हिचं वाढतं म्हणून तासतो, हिला दुखत नाही.
त्याचं कसं काढतात?"

रात्रपाळीत, स्पिंडलच्या आवाजात, तेवढंच.
कसं काढतात.
मुळापासून, कुऱ्हाडीनं, नाकाच्या हाडासकट,
कधी श्वास चालू असतानाच.
पिल्लू तिथंच उभं, आचळं शोधत.
बंदूकवाला बाहेरचा असतो,
वाट दाखवणारा कुरणाच्या कडेचा.
नदीनं त्याची जमीन नेलेली,
हद्दीत गवत कापलं म्हणून दंड झालेला,
गेंड्यानं एका रात्रीत भात तुडवला
तो भरपाईचा कागद तिसऱ्या टेबलावर झोपलेला.
त्याला हवे होते छपराला सहा पत्रे.
सगळ्या साखळीत स्वस्त तोच.
आणि पकडला जातो तोही तोच.

पूर चढला की गेंडे उंचावर निघतात;
मधे हायवे, पलीकडे कुंपण,
कुंपणाआड पूल-साइड जेवण.
मला हसायचा अधिकार नाही.
पांडवलेण्यावरून बघतो तर
आमच्याही टेकड्या डंपरमधून उतरून
बिल्डिंगा होऊन उभ्या आहेत,
त्यातल्या एकीत, चौथ्या मजल्यावर, माझे हप्ते.

गेंड्याची कातडी, आपण म्हणतो.
तिला तर ऊन सोसत नाही, माश्या चावतात,
म्हणून ती चिखल अंगाला लावून घेते.
चिखल मिळाला तर.

वन विभागाच्या ऑफिसात वाघेरे बाईंनी
वजन केलं, फॉर्म पुढं सरकवला.
वस्तू. वर्णन. कुणाकडून आली.
बाबांचं नाव लिहिलं, मग आजोबांचं,
मग पणजोबांचं, अंदाजानं.
"मूळ मालक?" रकाना उरलाच होता.
"सोडा तो रिकामा," बाई म्हणाल्या,
"सगळे रिकामाच सोडतात."

सर्वपित्रीला पहिल्यांदाच रामकुंडावर बसलो.
पात्र नाही, नुसती ओंजळ.
बाबांना दिलं. आजोबांना दिलं.
गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं,
बाबांनीच शिकवलेलं.
काश्यपगोत्रा, म्हणालो, आणि अडलो.
पुढं नाव यायला हवं होतं.
"आवरा हो," शेजारचे गुरुजी खेकसले, "मागं लोक थांबलेत."
तोवर पाणी
अंगठ्यावरून गळून गेलं होतं.